परदेशी असलेल्या खातेदाराचे मुखत्यारपत्र



ऊस नोंदीचे काम सुरू झाले की आमच्या शेती खात्याच्या टेबलावर एक प्रश्न हमखास येतो. सातबाऱ्यावर नावे तीन. त्यांतला एक भाऊ गावी, एक पुण्याला आणि एक अमेरिकेत नाही तर आखाती मुलखात. नोंद कुणाच्या नावाने घ्यायची, बिल कुणाच्या खात्यावर जमा करायचे, सोसायटीच्या इकरारावर सही कुणाची? अशा वेळी गावचा भाऊ खिशातून घडी घातलेला कागद काढतो आणि म्हणतो, "साहेब, धाकट्यानं मला कुलमुखत्यार केलंय. सगळं त्यात आलं." कागद उघडून पाहावा, तर बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट दिसते. एक तर त्यात खरोखरच सगळे आलेले असते, अगदी जमीन विकण्यापासून गहाण टाकण्यापर्यंत. नाही तर आज जे काम करायचे आहे, नेमके तेवढेच त्यात नसते.

उसाच्या बिलावर ज्यांची शिक्षणे झाली ती मुले आज सिंगापूर, जर्मनी, कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत, आणि वडिलांच्या माघारी त्यांची नावे सातबाऱ्याला लागली आहेत. जमीन इथे आणि सही तिथे, अशी ही अवस्था. म्हणून या अंकात मुखत्यारपत्राची माहिती जरा सविस्तर देत आहोत. आमचे सांगणे थोडक्यात एवढेच, की 'सर्व अधिकार' देणारा कागद करू नका; कामे मोजून लिहा. हे भावावरच्या अविश्वासापोटी सांगत नाही. मोघम कागदाचा त्रास देणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही, म्हणजे गावी राहून सगळा भार वाहणाऱ्या भावालाही होतो. कसा, ते पुढे येईलच.

कुल आणि कूळ

या शब्दावरून बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. 'कुल' म्हणजे एकूण, सगळे. कुळकायद्यातल्या कुळाशी त्याचे नाते नाही. मुखत्यार म्हणजे ज्याला अखत्यार दिला तो. सर्व कामांचा अखत्यार देणारे ते कुलमुखत्यारपत्र आणि एखाद्याच ठरलेल्या कामाचा अखत्यार देणारे ते खास मुखत्यारपत्र. बोलण्यात आपण दोघांनाही 'कुलमुखत्यार'च म्हणतो, आणि गडबड तिथूनच सुरू होते. वकील किंवा दस्तलेखक विचारतो, "काय करायचंय?" आपण म्हणतो, "कुलमुखत्यार." तो आपला तयार मसुदा काढतो. त्यात पंचवीस-तीस कलमे असतात आणि त्यांत विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड, वाटप असे सगळे ओळीने बसलेले असते. परदेशातला भाऊ कामाच्या धांदलीत सही करून टाकतो. त्याला वाटते, आपण ऊस नोंदीचा कागद पाठवला.

या विषयाचे मूळ कायदे फार जुने आहेत. मुखत्यारपत्राचा कायदा १८८२ चा, करार कायदा १८७२ चा आणि नोंदणी कायदा १९०८ चा. तिन्हींचे सार असे, की मुखत्याराने दिलेल्या अधिकाराच्या आत राहून जे केले, ते मालकाने स्वतः केल्यासारखे धरले जाते. नंतर "मला माहीत नव्हतं" म्हणून चालत नाही. मुखत्यारपत्र म्हणजे मालकी मात्र नव्हे. मुखत्यार सही करतो ती 'अमुक यांच्या तर्फे मुखत्यार' म्हणून करतो. जमीन मालकाचीच राहते. मुखत्यारपत्रावर जमीन 'घेतली' म्हणणारे लोक आपल्या भागात अजून भेटतात, विशेषतः गावालगतच्या गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या व्यवहारात. सुप्रीम कोर्टाने सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्वच्छ सांगितले आहे, की मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी रीतसर नोंदलेले खरेदीखतच लागते.

कामे मोजून लिहायची म्हणजे काय

समजा, एका गटात दोन भाऊ सामाईक खातेदार आहेत. थोरला शेती बघतो, धाकटा परदेशी. थोरल्याला वर्षभरात कोणकोणत्या कामांसाठी धाकट्याची सही लागते, त्याची यादी त्यानेच एकदा कागदावर काढावी. कारखान्याकडे ऊस नोंद करणे, तोडीला संमती देणे, वजनाच्या पावत्या घेणे. वीज कनेक्शन आणि पाणीपट्टीची कामे. मोजणीचा अर्ज करणे व मोजणीच्या दिवशी हजर राहणे. वारस नोंद किंवा इतर फेरफाराच्या चौकशीत तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलदार यांच्यापुढे जबाब देणे. पीक नुकसानीची भरपाई, विमा. बांधाचे भांडण निघाले तर वकील नेमणे व वकीलपत्रावर सही करणे. एवढे लिहिले की रोजची नव्वद टक्के कामे भागतात. प्रत्येक काम वेगळ्या कलमात, गावाचे नाव, तालुका, गट नंबर, हेक्टर-आर क्षेत्र आणि आठ अ चा खाते नंबर घालून लिहावे. 'माझी गावची सर्व मिळकत' असे लिहू नये. उद्या गावात दुसरी जमीन वारसाने आली तर तीही त्या शब्दांत ओढली जाते.

कोर्टात मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतात. जे शब्दात दिले तेच दिले, असे धरतात. जमिनीची देखभाल व वहिवाट करण्याच्या अधिकारात जमीन विकण्याचा अधिकार आपोआप येत नाही. गावच्या भावाला मोघम कागदाचा त्रास होतो तो इथे. तो भाबडेपणाने सोसायटीचे कर्ज दोघांच्या नावाने उचलतो, कागदात कर्जाचा शब्द नसतो, आणि पुढे थकबाकी झाली की परदेशातला भाऊ नाही, निदान त्याची बायको तरी विचारते, "हे कर्ज आमच्या नावावर कुणी चढवलं?" इकराराचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात आधीच चढलेला असतो. तेव्हा पीककर्ज काढायचे असेल तर तसे स्पष्ट लिहावे, रकमेची मर्यादा घालावी आणि कोणत्या संस्थेकडून ते नाव घालावे. काढायचे नसेल तर 'कर्ज काढण्याचा व तारण देण्याचा अधिकार दिलेला नाही' असे नकाराचे वाक्यही घालावे. नकाराचे वाक्य घालायला माणसे संकोचतात. आम्हाला विचाराल तर सगळ्या कागदात तेच वाक्य सर्वांत मोलाचे.

विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड आणि वाटप या पाच शब्दांपैकी एकही शब्द रोजच्या कामाच्या मुखत्यारपत्रात असू नये. खरोखरच जमीन विकायची ठरली तर तेवढ्यापुरते वेगळे खास मुखत्यारपत्र करावे. त्यात कोणता गट, किती क्षेत्र, खरेदीदाराचे नाव, कमीत कमी किंमत आणि पैसे कोणत्या बँक खात्यात जमा व्हायचे हे लिहावे, आणि मुदत घालावी, सहा महिने किंवा वर्ष. जमीन वर्ग दोनची असेल तर शासनाची परवानगी लागतेच. मुखत्यारपत्राने ती अट सुटत नाही.

हक्कसोडीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण यात बहिणीचा प्रश्न आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीलाही मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. बहीण लग्न होऊन परदेशी गेली, वडील वारले, वारस नोंद करायची म्हणून भावाने तिच्याकडून मुखत्यारपत्र मागवले, आणि त्यातल्या एका कलमाच्या आधारे तिच्या वतीने हक्कसोडपत्र लिहून दिले, घेणाराही तोच. देणाऱ्याची सही भावाची आणि घेणाऱ्याचीही भावाची. असा व्यवहार पुढे टिकणे अवघड असते. करार कायद्याच्या कलम २१५ प्रमाणे मुखत्याराने मालकाच्या संमतीशिवाय स्वतःच्याच फायद्याचा व्यवहार केला आणि महत्त्वाची गोष्ट लपवली किंवा व्यवहार मालकाच्या तोट्याचा झाला, तर मालकाला तो नाकारता येतो. बहिणीला हक्क सोडायचाच असेल तर तिने गावी येऊन स्वतः दुय्यम निबंधकापुढे सोडावा. येता येत नसेल, तर मुखत्यार तरी दुसरा असावा, म्हणजे मामा, आई असा कुणीतरी. आणि आमचे प्रांजळ मत असे, की वारस नोंदीसाठी मागवलेल्या कागदात हक्कसोडीचे कलम असूच नये.

आणखी एक कलम विसरू नये. मुखत्याराला आपल्या जागी दुसरा माणूस नेमता येणार नाही, असे लिहावे. नाही तर भावाच्या भरवशावर दिलेला कागद भावाच्या मेहुण्याच्या हातात दिसतो. हिशोबाचेही लिहावे. मालकाने मागितल्यावर हिशोब देणे मुखत्यारावर बंधनकारकच आहे, कलम २१३ तसेच सांगते. पण वर्षातून एकदा, म्हणजे हंगामाचे शेवटचे बिल झाल्यावर हिशोब पाठवायचा असे ठरलेले असले की मागावा लागत नाही आणि मागण्यावरून मने दुखावत नाहीत.

सही कुठे आणि कुणापुढे

सर्वांत सोपा आणि सर्वांत पक्का मार्ग म्हणजे खातेदार सुट्टीवर गावी आलेला असताना दुय्यम निबंधकापुढे जाऊन मुखत्यारपत्र करणे आणि नोंदवून घेणे. जत्रेला, लग्नाला माणूस येतो. दोन तास तालुक्याला काढले की काम होते. हाच सल्ला म्हाताऱ्या सभासदांनाही. लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने परदेशी जाणारे आजी-आजोबा आता गावोगाव आहेत. त्यांचा ऊस नेमका त्याच काळात तोडीला येतो. जाण्यापूर्वी दुय्यम निबंधकापुढे खास मुखत्यारपत्र करून ठेवावे. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे दस्त नोंदणीला सादर करण्यासाठी द्यायचे मुखत्यारपत्र भारतात राहणाऱ्याने निबंधकापुढेच करायचे आहे. केवळ नोटरीचा शिक्का त्या कामाला पुरत नाही.

खातेदार परदेशातच असेल तर त्याच कलमाने मोकळीक दिली आहे. नोटरी, तिथले न्यायालय किंवा न्यायाधीश, दंडाधिकारी, भारताचा वाणिज्यदूत किंवा उपवाणिज्यदूत, अथवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यापुढे सही करून त्यांचे साक्षांकन घेतलेले मुखत्यारपत्र चालते. व्यवहारात दोन वाटा आहेत.

पहिली वाट भारतीय दूतावासाची किंवा वाणिज्य दूतावासाची. मसुदा इथून मराठीत तयार करून पाठवावा. सोबत इंग्रजी भाषांतर दिले तर तिथल्या कचेरीला सोयीचे. खातेदाराने आधी सही करून कागद नेऊ नये. पासपोर्ट घेऊन जावे आणि अधिकाऱ्यापुढे प्रत्येक पानावर सही करावी. फोटो, साक्षीदार, फी यांचे नियम देशोदेशी निराळे असतात, ते आधी विचारून घ्यावे. दूतावास साक्षांकित करतो ती सही. आतला मजकूर बरोबर की चूक, हे तो पाहत नाही. म्हणून तिथला शिक्का बसला म्हणजे कागद पक्का, असे समजू नये.

दुसरी वाट तिथल्या नोटरीची आणि अपोस्टिलची. अपोस्टिल म्हणजे हेग येथील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे त्या देशाच्या सरकारी अधिकाऱ्याने जोडलेले प्रमाणपत्र. नोटरीची सही व शिक्का खरा आहे एवढेच ते सांगते. भारताला हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत हे प्रमाणपत्र त्या त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात मिळते. सगळे देश या करारात नाहीत, तेव्हा खातेदार जिथे आहे तिथे ही सोय चालते का, हे पाहून वाट निवडावी. न चालेल तिथे दूतावासच बरा.

नोटरीच्या मजकुरावर नजर ठेवावी. १९७० साली सुप्रीम कोर्टापुढे जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग हे प्रकरण आले होते. जमिनीच्या व्यवहारासाठी कॅलिफोर्नियातल्या नोटरीपुढे मुखत्यारपत्र केले होते. पहिल्या कागदावर नोटरीने 'माझ्यापुढे सही केली' अशा अर्थाचे लिहिले होते, पण सही करणारा माणूस तोच असल्याची खात्री करून घेतल्याचे लिहिलेले नव्हते. ते साक्षांकन अपुरे ठरले. पुढे खात्रीचा स्पष्ट उल्लेख असलेले दुसरे मुखत्यारपत्र केले होते, त्याने निभावले. तेव्हा 'ओळख पटवून घेतली' हे शब्द नोटरीच्या शेऱ्यात आहेत ना, हे परदेशातल्या भावाला तिथल्या तिथे बघायला सांगा. एका ओळीसाठी पुन्हा सारा खटाटोप नको.

एक तिसरी वाटही काही जण सांगतात. "सही स्कॅन करून पाठव, इथला नोटरी मारतो शिक्का." माणूस सातासमुद्रापार आणि शिक्का तालुक्याच्या नोटरीचा! पासपोर्टवरच्या तारखा पाहिल्या तरी खोटेपणा उघड होतो. असा कागद कोर्टात टिकत नाही, आणि करणारा, करवणारा दोघेही फौजदारीत सापडतात.

कागद भारतात आल्यावर

परदेशातून आलेला कागद थेट तहसीलमध्ये नेऊन ठेवू नका. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे बाहेर झालेला दस्त राज्यात प्रथम मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे असते. हे काम मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे होते. ज्या पाकिटातून कागद आला ते पाकीट फेकू नका, कागदालाच टाचून ठेवा. कागद कधी मिळाला त्याचा तोच पुरावा.

शुल्क किती, हे मुखत्यार कोण आहे आणि अधिकार कोणते यावर ठरते. विक्रीचा अधिकार आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी अशा जवळच्या नात्यात मोबदल्याशिवाय दिला तर ठरावीक पाचशे रुपये लागतात. परक्या माणसाला विक्रीचा अधिकार दिला, तर मात्र खरेदीखताइतके शुल्क बसते. पुतण्या, भाचा, चुलतभाऊ यांच्या बाबतीत आधी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारून घ्यावे. बांधकामवाले किंवा जमीन घेणारे काही वेळा 'रद्द न होणारे' मुखत्यारपत्र मागतात. महाराष्ट्रात मिळकत हस्तांतराचे असे मुखत्यारपत्र नोंदवणे सक्तीचे आहे. सामान्य सभासदाने त्याच्या वाटेला जाऊ नये असेच आम्ही म्हणू.

मुखत्यार नातेवाईक नसेल आणि जमीन तोच कसत असेल, तर आणखी जपावे. वर आपण म्हटले की कुलमुखत्यार आणि कूळ यांचा संबंध नाही. कागदावर नाही हे खरे. जमिनीवर तो लागू शकतो. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ४ असे आहे, की दुसऱ्याची जमीन कायदेशीररीत्या कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातला नसेल, मजुरीवरचा नोकर नसेल, ताबेगहाणदार नसेल, तर त्याला कूळ मानले जाते. तेव्हा परक्या मुखत्याराच्या कागदात 'जमीन मालकाच्या वतीने, मालकाच्या खर्चाने कसली जाते; मुखत्याराला ठरलेला मेहनताना मिळतो' हे लिहावे आणि तसेच वागावे. खते, बियाणे, मजुरीच्या पावत्या मालकाच्या नावे घ्याव्यात. पीक पाहणीत नाव कुणाचे लागते, ते दर वर्षी बघावे.

मुखत्यारपत्राने न होणारी कामे

मुलाने परदेशातून पैसे पाठवले, शेजारची दोन एकर विकायला निघाली आहे, मुलाचे मुखत्यारपत्र बापाकडे आहेच. मग मुलाच्या नावाने खरेदी करू या? नाही करता येत. परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे नोकरी-धंद्यासाठी भारताबाहेर राहणाऱ्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस खरेदी करता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मात्र मिळते. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे. वडिलांनी हयातीतच परदेशातल्या मुलाला शेतजमिनीचे बक्षीसपत्र करून दिले तर ते नियमात बसत नाही. मृत्यूनंतर वारसाने त्याचे नाव लागायला हरकत नाही. आणि वारसाने आलेली शेतजमीन त्याला विकायची झाली, तर खरेदीदार भारतात राहणारा भारतीय नागरिकच हवा. शिवाय आपल्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे तो शेतकरी असावा लागतो, ही अट आहेच.

बिलाच्या पैशाचेही असेच. परदेशी नोकरीला गेलेल्याचे गावाकडचे साधे बचत खाते तसेच चालू ठेवायचे नसते. बँकेला कळवून ते अनिवासी रुपया खाते, ज्याला बँकेत एनआरओ म्हणतात, तसे करून घ्यायचे असते. ही सोय जवळच्या शाखेत असतेच असे नाही, म्हणून हंगामाच्या आधी चौकशी करावी. मुखत्याराला त्या खात्यातून इथला खर्च भागवता येतो, पण मालकाच्या वतीने कुणाला देणगी किंवा बक्षीस देता येत नाही. जमीन विक्रीच्या पैशाचे आणि कराचे नियम निराळे आहेत. त्यासाठी सनदी लेखापालाला भेटावे.

कोर्टातल्या साक्षीबद्दल गैरसमज फार आहे. मुखत्यार दावा दाखल करू शकतो, वकील देऊ शकतो, स्वतः केलेल्या कामाबद्दल साक्षही देऊ शकतो. पण जी गोष्ट फक्त मालकालाच ठाऊक आहे, तिच्याबद्दल मालकाच्या जागी मुखत्याराची साक्ष चालत नाही. जानकी भोजवानी प्रकरणात २००४ च्या अखेरीस सुप्रीम कोर्टाने तसे ठरवले. मृत्युपत्रही मुखत्याराला मालकाच्या वतीने करता येत नाही.

आणि आपल्या कारखान्यापुरते सांगायचे तर मतदान. सर्वसाधारण सभा असो की संचालक मंडळाची निवडणूक, सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ प्रमाणे सभासदाने मत स्वतःच द्यायचे असते. प्रतिनिधीमार्फत देता येत नाही. "भावाचं मत बी मीच टाकतो, हा बघा कुलमुखत्यार," असे म्हणत मतदान केंद्रावर येणारे सभासद असतात. तो कागद कितीही पक्का असला तरी तिथे उपयोगाचा नाही. शेअर्सवरच्या वारसाचे नाव भरण्याच्या फॉर्मवरही सभासदाचीच सही हवी. शेअर्सचा वारस आणि सातबाऱ्याचा वारस या दोन नोंदी वेगळ्या आहेत, हेही सांगून ठेवतो.

नजर ठेवणे आणि रद्द करणे

खरेदी झाली की फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना जाते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. पण परदेशातल्या खातेदाराची नोटीस जाते गावच्या पत्त्यावर, आणि ती घेतो कोण? तो मुखत्यारच! म्हणून परदेशातल्या भावाने महाभूमीच्या संकेतस्थळावर आपला डिजिटल सातबारा महिन्या-दोन महिन्यांनी काढून पाहावा. आपली चावडी या सोयीत गावचे फेरफार नोटिशीवर लागतात, तेही पाहावेत. गावच्या भावाने यात वाईट वाटून घेऊ नये. उलट आपणच त्याला खाते नंबर पाठवून, "बघत जा रे अधूनमधून," असे म्हणावे. पुढची कितीतरी बोलणी वाचतात.

मालक वारला की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपते. कागदावर मुदत बाकी असली, दस्त नोंदवलेला असला, तरी संपते. नोंदणीच्या वेळी मुखत्याराला घोषणापत्र द्यावे लागते, की मालक हयात आहे आणि त्याने अधिकार काढून घेतलेला नाही. ते खोटे निघाले तर नोंदणी कायद्याच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परदेशातला भाऊ अचानक गेला आणि "व्यवहार ठरलेलाच होता" म्हणून थोरल्याने आठवड्याने खरेदीखत करून दिले, तर त्याचा हेतू कितीही चांगला असो, तो दस्त भावाच्या वारसांवर बांधील नसतो आणि शिक्षेची टांगती तलवार थोरल्याच्याच डोक्यावर राहते. आधी वारसांची नावे लावावीत, मग त्यांच्याकडून नवे मुखत्यारपत्र घ्यावे.

हयातीत रद्द करायचे झाले तर फोनवर "आता तू बघू नकोस" म्हणून भागत नाही. रद्द केल्याचा लेख करावा आणि मूळ कागद ज्या वाटेने साक्षांकित झाला, शक्यतो त्याच वाटेने तोही करावा. मुखत्याराला लेखी कळवून मूळ कागद परत मागावा. करार कायद्याच्या कलम २०८ प्रमाणे मुखत्याराचा अधिकार त्याच्यापुरता त्याला कळल्यावर संपतो, आणि बाहेरच्या लोकांपुरता त्या लोकांना कळल्यावर. म्हणून ज्या ज्या कचेरीत तो कागद दाखवला गेला असेल, तिथे तिथे कळवणे भाग आहे: दुय्यम निबंधक, तलाठी, बँक, सोसायटी. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्यावी. कारखान्यात रद्द लेखाची एक प्रत शेती खात्यात आणि दुसरी शेअर्स विभागात द्यावी आणि दोन्हीकडून तारखेची पोच घ्यावी. दोन्ही विभागांची कपाटे वेगळी आहेत.